गेस्ट कंडक्टरचा आठवडा: पुन्हा बोलावणं यायचं तर

गेस्ट कंडक्टर म्हणजे एखाद्या ऑर्केस्ट्राचं संचालन करायला पाहुणा म्हणून आलेला संचालक. मोठे ऑर्केस्ट्रा आपले कार्यक्रम दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी ठरवून बसतात. त्यामुळे नवख्याला पहिली संधी बहुधा मिळते ती कुणीतरी आयत्या वेळी येणं रद्द केल्यावरच. नोव्हेंबर १९४३मध्ये कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि तरुण लेनर्ड बर्नस्टाइन त्यांच्या जागी तालमीविना न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकसमोर उभे राहिले. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांना १९६०-६१मध्ये माँट्रियल आणि लॉस एंजेलिसचे ऑर्केस्ट्रा मिळाले तेही असंच, बदली म्हणून. म्हणून दोन याद्या तयार ठेवा: उद्या सकाळी उभं राहता येईल अशा रचनांची एक, महिनाभर लागेल अशांची दुसरी. एजंटकडे दोन्ही द्या, पण सरमिसळ नको. अर्धवट येणारी रचना पहिल्या यादीत घुसवली की ऑर्केस्ट्रावाले नेमकी तीच मागतात.

बोलावणं आलं की आधी ऑर्केस्ट्राच्या लायब्रेरियनला गाठा. वादकांचे कागद कोणत्या प्रकाशनाचे, ते विचारा आणि त्याच आवृत्तीचा स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत) घ्या. बेथोव्हेनच्या सिंफनींत बेरेनरायटर आणि जुनी ब्राइटकॉप्फ या प्रकाशकांच्या आवृत्त्यांत स्वर नि खुणा काही ठिकाणी वेगळ्या आहेत. तालमीत हे उघडकीला आलं की साठ-सत्तर माणसं हातावर हात ठेवून बसतात. तंतुवाद्यांच्या बोइंगमध्ये (गज कुठे वर, कुठे खाली, त्या खुणांमध्ये) बदल हवे असतील तर सहा-आठ आठवडे आधी पाठवा. खरं तर पाहुण्याने फार ढवळाढवळ करू नये. कॉन्सर्टमास्टरने, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाने, बसवलेलं चालत असेल तर चालू द्यावं.

अमेरिकेत साधारण अडीच-अडीच तासांच्या चार तालमी मिळतात. मधल्या सुट्ट्या वजा जाता हातात जेमतेम साडेआठ-नऊ तास. लंडनमध्ये याहून कमी. वेळापत्रक वाद्यांनुसार आखा. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्यं) फक्त चौथ्या भागात वाजतात. तो भाग आधी घेतला तर ते लोक घरी जाऊ शकतात. शेवटी ठेवला तर दीड तास ताटकळलेले तीन वादक तुमच्याबद्दल काय बोलतील, ते सांगायला नको.

पहिल्या तालमीत भाषण नको. एक भाग सलग वाजवून घ्या. थांबवलंत तर आधी कोण, मग काय, शेवटी कुठून, या क्रमाने सांगा. बारचा (तालाच्या आवर्तनाचा) आकडा आधी सांगितला की सगळे तो शोधायला लागतात आणि सूचना हवेत जाते.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात नवख्यांना हमखास अडवते. पहिल्या बारच्या सुरुवातीला अर्ध्या मात्रेची विश्रांती आहे, तीन स्वर त्यानंतर येतात. काही कंडक्टर आधी एक बार मोकळा देतात, काही देत नाहीत. आधी सांगितलं नाही तर अर्धे वादक मोकळ्या बारलाच खरा समजून आत शिरतात. दुसरा फर्माटा (लांबवून धरलेला स्वर) पहिल्यापेक्षा एका बारने लांब आहे, हेही हातात दिसलं पाहिजे. पहिला फर्माटा तोडणारा हात हाच पुढच्या बारचा ठोका असणार की मध्ये श्वास घेणार, ते ठरवा, एकदा सांगा, आणि कार्यक्रमात बदलू नका.

कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्राची रचना) असेल तर एकल वादकाला तालमीआधी पियानोपाशी भेटा. लय आणि कडेन्झातून (एकल वादक एकटाच वाजवतो त्या भागातून) बाहेर पडताना ऑर्केस्ट्रा कुठे घ्यायचा, एवढं ठरलं की पुष्कळ झालं.

तालीम वेळेवर संपवा. मिनिटभर लांबली तरी ओव्हरटाइम लागू शकतो, आणि तो आकडा व्यवस्थापनाच्या लक्षात राहतो. अनेक ठिकाणी आठवडा संपल्यावर वादकांकडून पाहुण्याबद्दल लेखी मतंही घेतात.

पैशांचं आधी विचारून ठेवा: अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या मानधनातून ३० टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो. बहुधा ओ-१ व्हिसा (असाधारण कौशल्याच्या व्यक्तींसाठीचा) लागतो, आणि त्याचा अर्ज तिकडच्या ऑर्केस्ट्राने किंवा एजंटने करायचा असतो. करारावर सही करतानाच तो कोण, कधी भरणार ते लिहून घ्या.