शिवणीत सोडतो तशी फरशीतही माया सोडा: घरात व्हिनाइल पट्ट्या बसवताना

नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घरात दोन खोल्यांना लक्झरी व्हिनाइल, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची जमीन आहे. झोपायच्या खोलीतलं एका ठेकेदाराने टाकलं आणि पहिल्याच मे महिन्यात ते पश्चिमेच्या खिडकीपाशी सांध्यावर उचललं. पाय ठेवला की खाली दबायचं, पाय काढला की परत वर. शिवणवर्गाच्या खोलीतलं मी आणि माझ्या धाकट्या दिराने मिळून टाकलं. त्याला चार उन्हाळे झाले, एकही सांधा हललेला नाही. माल दोन्हीकडे एकच होता.

आम्ही व्हिनाइलकडे वळलो ते आईंमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर त्यांचा ओला पाय दोनदा सटकला. शिवाय वर्गातल्या मुली जमिनीवर बसून कापड बेततात, आणि डिसेंबरच्या सकाळी आमची जुनी मोझॅक इतकी गार पडायची की मुली बुडाखाली उशा घ्यायच्या. व्हिनाइल पायाला गार लागत नाही, पाय चांगला धरतं, आणि जुनी फरशी न फोडता वरूनच बसतं.

दुकानात गेलात की ‘एलव्हीटी’, ‘एसपीसी’, ‘ड्रायबॅक’ असे शब्द कानावर पडतील. आपल्याला दोनच प्रकार कळले तरी पुरे. पहिला डिंकाने चिकटवायचा. तो पातळ असतो, साधारण 2 ते 3 मिलिमीटरचा, आणि कारागीर चांगला असेल तर खूप टिकतो. दुसरा खाचेत खाच अडकवून बसवायचा. त्यात बहुधा एसपीसी येतं: चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी मिळून केलेला कडक गाभा, त्यावर लाकडाच्या रेषांची छापील फिल्म, तिच्यावर पारदर्शक थर. याची जाडी 4 ते 6 मिलिमीटर. हा खाली कशालाच चिकटलेला नसतो, अख्खी खोली एका चादरीसारखी जमिनीवर पडलेली असते. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं, म्हणून ती लक्षात ठेवा.

दुकानदार जाडी सांगतो. तुम्ही वरच्या पारदर्शक थराची जाडी विचारा. झीज तोच सोसतो, तो गेला की छापील फिल्म उघडी पडते, आणि लाकडासारखं घासून पुन्हा पॉलिश करायची सोय इथे नाही. झोपायच्या खोलीला 0.3 मिलिमीटर चालतो. माझ्या वर्गात रोज पंधरा जणींची ये-जा, वर कात्र्या, टाचण्या, सरकणाऱ्या खुर्च्या, म्हणून मी 0.5 चा घेतला. एकूण जाडी सांगताना पट्टीच्या पाठीला चिकटवलेल्या मऊ फोमचा एक-दीड मिलिमीटर त्यातच धरलेला असतो, तोही वेगळा विचारून घ्या. डब्यावर वापराचा वर्ग छापलेला असतो: 2 ने सुरू होणारा आकडा घरगुती वापराचा, 3 ने सुरू होणारा दुकान-कार्यालयाचा. रांगणारं बाळ घरात असेल तर फ्थॅलेटमुक्त माल मागा (फ्थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करायचं रसायन).

आणखी एक करा. दोन पट्ट्या तिथेच जोडायला लावा आणि सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर खाच नीट कापलेली नाही. मी आमच्या नागपूरच्या लकडगंजात आणि इतवारीत मिळून सात ठिकाणी असं नख फिरवलं, तीन ठिकाणी अडलं. दुकानदार वैतागतात, वैतागू द्या.

रंगाचं माझं मत सरळ आहे: फार काळपट घेऊ नका. आपल्याकडच्या धुळीत त्यावर प्रत्येक पाऊल उमटतं, आणि खिडकीच्या उन्हात गडद रंग जास्त तापतो. मध्यम तपकिरी सगळं पोटात घेतो.

न्हाणीघर, गच्ची आणि उघडी बाल्कनी यांचा विचारच करू नका. आणि ज्या खिडकीतून दुपारभर थेट ऊन आत येतं आणि पडदा लावायची तयारी नाही, तिथे खाचेचा प्रकार न घेता चिकटवायचा घ्या. जमिनीला पूर्ण धरलेला असल्यामुळे तो उन्हात कमी सरकतो. मात्र पातळ असल्याने खालचा प्रत्येक खडा आणि खळगा वर दाखवतो, तेव्हा जमीन आरशासारखी करून घ्यावी लागते.

खालची जमीन

आमच्या ठेकेदाराने जुन्या मोझॅकवर झाडू मारला आणि थेट पट्ट्या अंथरल्या. दिराने वर्गाच्या खोलीत फक्त जमिनीवर दोन दिवस घालवले.

आधी त्याने लाकडी दांडक्याने एकेक फरशी ठोकली. चार ठिकाणी पोकळ आवाज आला, त्या काढून पुन्हा सिमेंटात बसवल्या. मग दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी खोलीभर आडवी, उभी, तिरकी ठेवून पाहिली. पट्टीखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. मोजायची सोपी युक्ती म्हणजे टाइलवाले वापरतात तो 3 मिलिमीटरचा प्लास्टिकचा स्पेसर पट्टीखाली सरकवायचा. सैल गेला तर तिथे खळगा आहे. खळग्यात सेल्फ लेव्हलिंगचं, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट पसरणारं मिश्रण ओतायचं, उंचवटा घासायचा. फरशांमधले सांधे रुंद असतील तर तेही भरून घ्यायचे. हे सोडलं तर व्हिनाइलची पट्टी खळग्यावर पुलासारखी राहते, येता-जाता दबते आणि एक दिवस खाच तुटते. ‘मऊ वाटेल’ म्हणून खाली जादा फोम टाकायचा सल्लाही कोणी देईल. पट्टीला स्वतःचा फोम असेल तर दुसरा टाकू नका, त्यानेही खाचा तशाच तुटतात.

तळमजल्याचं घर असेल तर ओल तपासा. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, म्हणून ही परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालून थेंब किंवा जमिनीवर काळपट डाग दिसला तर आधी ओलीचा बंदोबस्त. एसपीसी पाण्याने फुगत नाही हे खरं आहे, पण खाली कोंडलेल्या ओलीला बुरशी येते आणि खोलीला कुबट वास धरतो.

माया

कापड शिवताना आपण शिवणीबाहेर माया सोडतो, तशीच इथे भिंतीपाशी सोडायची. ही चादर उन्हाळ्यात पसरते आणि हिवाळ्यात आक्रसते. नागपुरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि जानेवारीत पहाटे तो दहाच्या खाली उतरतो. एवढ्या फरकात पट्ट्या हलणारच. चारही भिंती, दाराची चौकट, खिडकीखालचा कट्टा, पाइप, सगळ्यांपासून 10 मिलिमीटर मोकळं ठेवा. काही डब्यांवर 6 लिहिलेलं असतं. आपल्या हवेत मी 10 च धरते.

आमच्या झोपायच्या खोलीत नेमकं हेच चुकलं. पूर्वेच्या भिंतीशी भिंतभर कपाट थेट पट्ट्यांवर उभं केलेलं, आणि पश्चिमेला पट्ट्या खिडकीच्या भिंतीला टेकवलेल्या. एक कड वजनाखाली दाबलेली, दुसरी भिंतीने अडवलेली. मे महिन्यात पसरायला जागा कुठे? खिडकीजवळच्या सांध्यावर उचललं. ठेकेदार म्हणाला, माल खराब आला असेल. दिराने खिडकीकडची स्कर्टिंग काढली, आत बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, यात तर बोटाचं नखही जाऊन नाही राहिलं.” आम्ही पट्ट्या ओळीओळीने उलगडल्या, कडा कापल्या, कपाटाखालच्या पट्ट्या काढून कपाट जुन्या फरशीवर उभं केलं आणि बाकीच्या परत जोडल्या. दोन पट्ट्यांच्या खाचा मोडल्या, बाकी सगळ्या वापरात आल्या.

भिंतीत पक्कं केलेलं जड कपाट किंवा स्वयंपाकघरातली कॅबिनेट खाचेच्या फ्लोअरिंगवर कधीच ठेवू नका. पट्ट्या त्यांच्या पायापर्यंत आणून थांबवा. पलंग, टेबल, शिलाई मशीन चालतं.

बसवायला मी दसरा-दिवाळीच्या मधले दिवस निवडले. पाऊस संपलेला असतो, थंडी पडलेली नसते, पट्टी ना फार पसरलेली ना फार आक्रसलेली. भर मे महिन्यात बसवलं तर हिवाळ्यात सांधे उघडायची भीती. डबे दोन दिवस आधी त्याच खोलीत आडवे ठेवा. सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढतो ना, तसंच हे.

बेतणं

माझी खोली 12 बाय 15 फुटांची, म्हणजे 180 चौरस फूट. त्यावर दहा टक्के कापण्यात जातं असं धरून 198. एका डब्यात 10 पट्ट्या, पट्टी 180 मिलिमीटर रुंद आणि 1220 लांब, म्हणजे डबा साधारण साडेतेवीस चौरस फुटांचा. नऊ डबे लागले, दहावा मी राखीव घेतला. सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवण्याआधी पाहा.

पहिली ओळ टाकायच्या आधी शेवटच्या ओळीचा हिशोब करा, नाहीतर शेवटी भिंतीशी चिंधी उरते. 12 फूट म्हणजे 3658 मिलिमीटर. दोन्हीकडची माया वजा करून 3638. वीस पूर्ण ओळींना 3600 लागतात, म्हणजे शेवटी फक्त 38 मिलिमीटरची पट्टी आली असती. 50 पेक्षा अरुंद पट्टी नीट धरत नाही. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ 109 ची कापली आणि मधे 19 पूर्ण ओळी बसवल्या. दोन्ही भिंतींना सारखी पट्टी दिसते, डोळ्यालाही बरं वाटतं.

जुन्या घरांच्या भिंती सरळ नसतात. भिंतीवर विश्वास न ठेवता दोरी ताणून रेघ मारा आणि पहिली ओळ त्या रेघेवर घ्या. पहिली ओळ वाकडी गेली तर विसाव्या ओळीला ते लपवता येत नाही.

कापायला करवत लागत नाही. कटरने वरून खोल रेघ ओढा, टेबलाच्या कडेवर दाबा, पट्टी कट्‌कन मोडते. चौकटीच्या नागमोडी भागाला मात्र जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत) लागतो, आणि आधी कागदाचा नमुना कापून घ्या. पट्टीची लांब कड तिरपी धरून खाचेत घालायची आणि खाली दाबायची. आखूड कड रबरी हातोड्याने हलकेच ठोकायची. खाचेवर थेट कधीच ठोकू नका, मधे पट्टीचा तुकडा धरा. ओळीच्या शेवटी कापून उरलेल्या तुकड्याने पुढची ओळ सुरू करा, तो 30 सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर. शेजारच्या ओळींतले आडवे सांधे एकमेकांपासून किमान तेवढे लांब हवेत. आणि तीन डबे एकदम उघडून पट्ट्या मिसळून वापरा, नाहीतर लाकडाची तीच गाठ शेजारीशेजारी येते आणि डोळ्यात खुपते.

आमच्याकडे टाइलची जुनी स्कर्टिंग होती. ती न फोडता तिला लागून बीडिंग पट्टी, म्हणजे कडेची फट झाकणारी बारीक पट्टी लावली. बीडिंग भिंतीला चिकटवायची, फ्लोअरिंगला अजिबात नाही. दारातली ॲल्युमिनियमची पट्टीही खालच्या जमिनीलाच पक्की करायची. यातलं काहीही फ्लोअरिंगला चिकटलं की माया सोडूनही उपयोग नाही. जमीन पाच-सहा मिलिमीटर वर येते, दार घासायला लागेल. सुताराकडून खालून रंधा मारून घ्या.

रोजचं

मऊ फूलझाडू, मग घट्ट पिळलेलं पोछं. बादलीत सौम्य साबणाचं एक झाकण पुरे. फरशीचं ॲसिड, ब्लीच, रॉकेल, थिनर, मेण यांतलं काही नको, वाफेचा मॉपही नको. नेलपॉलिश काढायचं द्रव सांडलं तर लगेच पुसा, ते वरचा थर खातं. हळदीचंही तसंच, लगेच पुसली तर डाग राहत नाही.

रबराचं पायपुसणं घातलं तर काही महिन्यांत खाली पिवळा डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही. रबर आणि व्हिनाइल यांची आपसात रासायनिक क्रिया होते, घासून उपयोग नसतो. मशीनच्या पायांची रबरी टोपणंही मी काढली, खाली नमद्याचे गोल लावले. दारात चिंध्यांची सतरंजी टाकते, आमच्याकडे चिंध्यांना तोटा नाही.

रांगोळी ही दगडाची पूड असते. पायाखाली घासली गेली तर चरे पडतात, म्हणून ती पाटावर काढा. पणतीखाली पितळी ताटली ठेवा, उदबत्तीच्या घरालाही तसंच. वर्गात मुलींना पहिल्या दिवशी सांगते, इस्त्री जमिनीवर टेकवायची नाही.

कूलर खिडकीबाहेर असेल तर उत्तम. खोलीत ठेवत असाल तर खाली उथळ ट्रे द्या. पाणी वरून पुसून जातं, पण भिंतीकडच्या मोकळ्या जागेतून खाली उतरलं की तिथेच राहतं. एप्रिल लागला की दुपारी बारापासून पश्चिमेचा जाड पडदा ओढा.

पट्टी कधी खराब झालीच तर जवळच्या भिंतीपासून ओळी उलगडत तिथपर्यंत यायचं, पट्टी बदलायची आणि त्याच क्रमाने परत जोडायचं. उलगडताना पट्ट्यांच्या पाठीवर खडूने आकडे घाला. माझा राखीव डबा दिवाणाखाली आडवा ठेवलाय. उभा ठेवला तर पट्ट्या वाकतात.