आमवात असेल तर फुफ्फुसं कधी आणि कशी तपासून घ्यायची

आमवात म्हणजे रूमॅटॉईड आर्थरायटिस घरात कुणाला असला की सगळ्यांचं लक्ष बोटं, मनगटं, गुडघे एवढ्यावरच असतं, पण हा आजार फुफ्फुसांतही शिरतो. साधारण १० पैकी एका पेशंटला आयएलडी होतो, म्हणजे फुफ्फुसाला आतून सूज येते आणि मग ते हळूहळू कडक होत जातं. एकदा कडक झालेला भाग परत पहिल्यासारखा होत नाही, म्हणून तो लवकर सापडणं फार गरजेचं आहे.

अडचण अशी की पहिलं लक्षण म्हणजे चालताना दम लागणं, आणि आमवाताचा माणूस मुळात चालतोच कमी. माझी आई जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबायची आणि विचारलं की म्हणायची, "गुडघे धरलेत गं", पण तेवढं वाक्यही दोन तुकड्यांत यायचं. त्यामुळे "दम लागतो का" असं विचारूच नका, उत्तर नाहीच येणार. असं विचारा की सहा महिन्यांपूर्वी एका दमात होणारं काम आता होतं का, आंघोळ करून आल्यावर बसावं लागतं का, चालता चालता फोनवर बोलता येतं का. कोरडा खोकला तीन-चार आठवडे हटत नसेल तर तोही सांगा, "हवा बदललीय" म्हणून सोडून देऊ नका.

जास्त धोका कुणाला? पुरुष, साठीच्या पुढचे, बिडी-सिगारेट ओढणारे किंवा आधी ओढलेले, रक्ततपासणीत अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर (आमवाताच्या रिपोर्टमधले आकडे) खूप वाढलेला, आणि सांधे कायम सुजलेले. बायकांना होत नाही असं अजिबात नाही हं. अमेरिकेतल्या रूमॅटॉलॉजिस्ट आणि छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०२३ मध्ये ज्या गाइडलाइन्स जाहीर केल्या त्यात असा जास्त धोका असलेल्यांची लक्षणं नसली तरी पीएफटी (नळीत फुंकून फुफ्फुसांचं काम मोजतात ती तपासणी), एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) किंवा दोन्ही करा असं सुचवलंय, आणि नुसत्या एक्स-रेवर स्क्रीनिंग करू नका असंही. हे लक्षात ठेवा, कारण सुरुवातीचा आजार एक्स-रेत दिसतच नाही बऱ्याचदा, आणि "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून लोक निश्चिंत होतात.

सगळ्यात सोपी तपासणी बिनपैशाची आहे. डॉक्टरांना सांगा, पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून बघा. खोल श्वास घेताना तिथे चपलेचा वेल्क्रो पट्टा ओढल्यासारखी चरचर ऐकू आली तर पुढच्या तपासण्या लांबवायच्या नाहीत.

एचआरसीटीला स्कॅनला काही मिनिटंच लागतात, यासाठी सहसा कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. हात डोक्यावर घ्यावे लागतात, तर खांदा दुखत असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा. कधी पालथंही झोपवतात, घाबरू नका, स्कॅनमध्ये खाली दिसणारी सावली नुसती झोपल्यामुळे आलीय की खरीच आहे ते त्यातून कळतं.

पीएफटी बुक करताना मात्र नीट विचारा की डीएलसीओ होतं का, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून हवा मोजणं, एवढंच होतं, आणि ऑक्सिजन रक्तात नीट जातोय का ते डीएलसीओतून कळतं, ते कधी कधी बाकीचे आकडे ठीक असतानाच घसरायला लागतं. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट न्या, आमवातात ते कमी असणं कॉमन आहे आणि त्यानेही डीएलसीओ कमी दिसतं. जबड्याचा सांधा धरला असेल तर तोंडात नळी घट्ट धरता येत नाही, हवा बाजूने निसटते आणि रिपोर्ट उगाच खराब येतो, तेही आधी सांगा.

घरातल्या ऑक्सिमीटरवर बसल्या बसल्या ९७ दिसलं म्हणजे झालं असं नाही. जमेल तेवढं घरात चालायचं आणि मग बघायचं, नेलपॉलिश काढून, बोटं गरम करून. ४ किंवा जास्तने खाली आलं किंवा ९० च्या खाली गेलं तर डॉक्टरांना कळवा. नाही उतरलं तरी सीटी टाळायचं कारण नाही ते.

मेथोट्रेक्सेट (आमवातावरची नेहमीची गोळी) चालू असताना काही दिवसांतच नवा खोकला, ताप, दम असं सुरू झालं तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या आठवड्याचा डोस घ्यायच्या आधी. क्वचित का होईना, या गोळीने फुफ्फुसाला सूज येते. आणि आपल्याकडे टीबी विसरून चालणार नाही, आमवाताच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे ताप, वजन उतरणं, खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी. खिडकीत कबुतरं येत असतील तर तेही सांगा, त्यांच्या विष्ठेनेही फुफ्फुसं बिघडतात.

सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, सीटीची सीडीसुद्धा. दर वेळी जुना एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर सोडलेली एकूण हवा, पीएफटीच्या रिपोर्टमधला आकडा) नव्याशेजारी ठेवून दाखवा, १० टक्क्यांनी घसरला असेल तर आजार पुढे चाललाय असं धरतात, आणि ही फाइल रूमॅटॉलॉजिस्ट आणि छातीचे डॉक्टर दोघांनीही बघितली पाहिजे.