सेंट पॉल्समध्ये बिल व्हिओला कसा पाहावा

लंडनला आलेल्या पाहुण्यांना मी सेंट पॉल्स कॅथीड्रलला नेते, तेव्हा ‘आधी व्हिओला, घुमट नंतर’ हा माझा हट्ट असतो. बिल व्हिओला हा अमेरिकन व्हिडिओ-कलाकार; त्याच्या चित्रफिती इथे पडद्यांवर चालू असतात. इतक्या पायऱ्या चढून पाय भरून आले की कुणी सात मिनिटं एका जागी उभं राहत नाही, आणि इथे तेवढंच करायचं असतं. प्रार्थना चालू असताना तिकडे फिरकता येत नाही, म्हणून वेळ आधी विचारून घ्या.

वेदीच्या दक्षिणेकडच्या मार्गिकेत चार उभे पडदे शेजारी शेजारी दिसतील. हे ‘मार्टर्स’, २०१४चं. माती, वारा, अग्नी, पाणी. प्रत्येक पडद्यावर एकेक हुतात्मा. आवाज अजिबात नाही.

चित्रफीत संपली की पुन्हा सुरू होते. पहिल्या फेरीत चारही पडदे एकत्र पाहा. सुरुवातीला जवळजवळ काहीच हलत नाही. दर्शन घेऊन लगेच पुढे सरकायची आपली सवय नेमकी इथे आड येते, तेव्हा पाय रोवून थांबा. दुसऱ्या फेरीत एकच माणूस निवडा. मी नेहमी मातीचा निवडते: ढिगाऱ्यात गाडलेल्या माणसावरची माती वरच्या दिशेला उडू लागते आणि तो हळूहळू उभा राहतो. पाण्याच्या पडद्यावर दोराने उलटा टांगलेला माणूस आहे, वरून धार कोसळते. व्हिओला सहा वर्षांचा असताना तळ्यात बुडता बुडता वाचला होता, आणि पाण्याखाली दिसलेलं जग सुंदर होतं असं तो सांगायचा. हे माहीत असलं की त्या माणसाचा शांत चेहरा वेगळा दिसतो.

हा संथपणा त्याने कमावलेला होता. १९८०-८१मध्ये जपानमध्ये राहून तो झेन शिकला. १९९५च्या ‘द ग्रीटिंग’मध्ये तर जेमतेम पाऊण मिनिटाची भेट त्याने अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून दहा मिनिटांपर्यंत ताणली. मृत्यूही त्याने जवळून पाहिला होता. १९९२च्या ‘नाँत ट्रिप्टिक’ या तीन पडद्यांच्या कामात त्याची स्वतःची मरणासन्न आई आहे. म्हणून ‘मार्टर्स’मधल्या यातना मला कधीच देखावा वाटत नाहीत. २०२४मध्ये तो गेला.

बरोबरच्यांना आधी काहीच समजावू नका. शेवटी चौघांच्या चेहऱ्यांवर वरून प्रकाश येतो, तो त्यांचा त्यांना पाहू द्या. मग उत्तरेकडच्या मार्गिकेत त्याची ‘मेरी’ आहे. ती याहून लांब आहे, तेव्हा आधी थोडं बसून घ्या.