घरी लघवीची नळी असलेल्या रुग्णाला संसर्गापासून कसं जपावं

दवाखान्यातून घरी सोडताना वडिलांची लघवीची नळी तशीच ठेवली, की घरातले सगळे धास्तावतात. खोलीत दिवसातून तीनदा फिनाईल फिरतं, नातवंडांना दाराबाहेर थांबवलं जातं. ही काळजी खरी असते, पण तिचा रोख चुकतो. नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचे जंतू बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्याच अंगावरचे असतात.

निरोगी माणसाच्या शरीरात आणि अंगावर मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ सालचा एक अंदाज आहे. म्हणजे आपल्या पेशी जितक्या, जवळपास तितकेच जिवाणू. कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, तोंडात स्ट्रेप्टोकोकसच्या अनेक जाती, मोठ्या आतड्यात ई. कोलाय आणि त्याचे असंख्य शेजारी. हे सगळे जागा धरून बसतात, म्हणून घातक जंतूंना सहज पाय रोवता येत नाहीत. आतड्यातले काही जिवाणू आपल्यासाठी के जीवनसत्त्वही बनवतात. मात्र आतड्यात निरुपद्रवी असलेला ई. कोलाय मूत्राशयात पोचला, की जळजळ, ताप, थंडी सुरू होते. एरवी लघवीच्या धारेबरोबर असे जंतू वाहून जातात. नळी बसवली की ती धार थांबते आणि जंतूंना नळीच्या पृष्ठभागावरून वर चढायला वाट मिळते. म्हणून घरी करायचं काम जंतू मारण्यापेक्षा त्यांना ही वाट न देण्याचं आहे.

हात

नळीला किंवा पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतरही हात धुवा. ‘आधी’ धुणं हमखास राहून जातं, कारण तेव्हा हात स्वच्छच दिसतात. बांगड्या वर सारा, अंगठी काढा. साबण लावून निदान २० सेकंद चोळा: तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा. अंगठे बहुतेकांचे सुटतात. साधा साबण पुरतो. हात मळलेले नसतील तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझरही चालतं, पण शौचाची स्वच्छता केल्यावर साबण-पाणीच हवं. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतिकक्षात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. इतक्या वर्षांनंतरही याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

अंग धुणं

रोज एकदा, आणि शौचानंतर प्रत्येक वेळी, नळीभोवतालची जागा साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा. डेटॉल-सॅव्हलॉन तिथे ओतू नका. कातडी चुरचुरते, सोलवटते आणि तिच्यावरचे राखणदार जिवाणूही जातात. बाईमाणूस असेल तर नेहमी पुढून मागे पुसा, कधीही उलट नाही. पुरुषांमध्ये पुढची कातडी मागे घेऊन धुवा आणि आठवणीने परत पुढे आणा. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते. मग नळी शरीराजवळून बाहेरच्या दिशेने पुसा आणि मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधा, म्हणजे कूस बदलताना ओढ बसणार नाही.

पिशवी

पिशवी सतत मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी. रुग्णाला खुर्चीत बसवताना ती पटकन मांडीवर ठेवली जाते आणि नळीतली लघवी उलटी आत जाते. माझ्या मते सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. पिशवी खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. पलंगाच्या दांडीला अडकवा. नळीला पीळ नको. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा. तोटीचं टोक भांड्याला लागू देऊ नका, आणि ते भांडं फक्त त्याच कामासाठी ठेवा. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडू नका.

लघवी गढूळ दिसली तर

नळी आत असताना दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू आढळू लागतात. महिनाभरात बहुतेकांच्या तपासणीत ते सापडतात, पण जंतू सापडणं म्हणजे संसर्ग नव्हे. नुसता वास किंवा गढूळपणा पाहून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका. ते आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. मग क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसारखा जंतू मोकळ्या जागेत माजून तीव्र जुलाब होऊ शकतात, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

ताप, हुडहुडी, ओटीपोटात किंवा पाठीत कुशीला दुखणं, लघवीत रक्त, किंवा म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पिशवीत काही तास लघवीच आली नाही तर आधी नळी कुठे दुमडली आहे का बघा. तरीही येत नसेल तर लगेच कळवा.

नळी काढणं

दर भेटीत डॉक्टरांना विचारा, “नळीची अजून गरज आहे का?” विचारायला संकोच करू नका. नळी जितके दिवस कमी, तितका धोका कमी. ती घरी स्वतः ओढून काढू नका, आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो. डॉक्टरांनी काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर रात्र काढू नका. लगेच दवाखान्यात न्या.