मजकुराच्या रूपातील रकमा डेटाबेसमध्ये संख्येत कशा बदलाव्यात

दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या फाइलमधील रकमा पुष्कळदा मजकूर म्हणूनच टेबलमध्ये उतरतात, आणि त्यांच्यासोबत स्वल्पविराम, चलनचिन्हे व कंसही येतात. अशा कॉलमवर थेट ‘कास्ट’ (एका प्रकारचे मूल्य दुसऱ्या प्रकारात बदलण्याची आज्ञा) चालवल्यास काय घडेल, हे प्रत्येक डेटाबेस आपापल्या परीने ठरवतो. ‘१,२३४.५०’ हे मूल्य ‘न्यूमेरिक’ या संख्येच्या प्रकारात बदलण्यास पोस्टग्रेस हा डेटाबेस नकार देतो आणि एरर दाखवतो, मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस मात्र साध्या ‘सिलेक्ट’मध्ये (माहिती वाचण्याच्या आज्ञेत) स्वल्पविरामापाशीच थांबून १ हे उत्तर देतो व केवळ एक वॉर्निंग नोंदवतो. या दोहोंत एरर परवडली, कारण ती निदान दिसते.

म्हणून मूळ कॉलमला हात न लावता शेजारी ‘डेसिमल’ (दशांश संख्या तंतोतंत साठवणाऱ्या) प्रकारचा नवा कॉलम घ्यावा. ‘फ्लोट’ हा संख्या अंदाजे साठवणारा प्रकार रकमांसाठी टाळावा, कारण ०.१ ही संख्यासुद्धा त्यात तंतोतंत मावत नाही. दशांश स्थळे स्पष्ट लिहावीत. मायएसक्यूएलमध्ये नुसते ‘डेसिमल’ लिहिल्यास त्याचा अर्थ दहा अंक आणि शून्य दशांश स्थळे असा होतो.

यानंतरचा प्रश्न खरा अवघड आहे: दशांशचिन्ह कोणते? ‘१,२३४.५६’ आणि ‘१.२३४,५६’ ही एकच रक्कम असू शकते, पण एकट्या ‘१,२३४’कडे पाहून काहीच ठरवता येत नाही. त्यासाठी त्याच फाइलमधील इतर मूल्ये तपासावीत किंवा ती पाठवणाऱ्याला विचारावे. दशांशासाठी स्वल्पविराम वापरला असेल, तर ‘रिप्लेस’ने (एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणाऱ्या फंक्शनने) आधी टिंबे काढावीत आणि मगच स्वल्पविरामाच्या जागी टिंब ठेवावे. हा क्रम उलटला, तर ‘१.२३४,५६’चे १२३४५६ होतात, म्हणजे रक्कम शंभरपट होते आणि कोणतीही तक्रार उमटत नाही.

चलनचिन्हे काढणे सोपे असते. नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा) मात्र डोळ्यांना साध्या स्पेससारखीच दिसते आणि कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या नुसत्या ‘ट्रिम’ने सहसा जात नाही; तिचा युनिकोड क्रमांक १६० असून ती ‘रिप्लेस’नेच काढावी. हिशेबाच्या कागदांत कंसातली रक्कम बहुधा ऋण असते, तेव्हा कंस पुसण्यापूर्वी उणे चिन्ह जोडावे.

प्रत्यक्ष रूपांतरासाठी एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये २०१२च्या आवृत्तीपासून ‘ट्राय_कन्व्हर्ट’ आहे, जे न जमलेल्या ठिकाणी ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही) देते. मजकूर संख्या आहे का हे सांगणाऱ्या तिथल्या ‘इजन्यूमेरिक’वर विसंबू नये, कारण नुसत्या स्वल्पविरामालाही ते संख्या मानते. शेवटी मूळ मजकूर रिकामा नसूनही नवा कॉलम ‘नल’ राहिलेल्या ओळी काढून हाताने तपासाव्यात.