नवे फादर शाळेचे मॅनेजर झाले की

बदलीचं पत्र येतं, फादर नव्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, येतात, आणि महिनाभरात जून उजाडतो. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, दफनभूमीच्या कुंपणाचा वाद, यांची त्यांना सवय असते. शाळा मात्र आयती गळ्यात पडते, कारण आमच्याकडे बहुतेक पॅरिशच्या शाळांत प्रमुख धर्मगुरू म्हणजेच मॅनेजर. वसईतल्या अशाच एका अनुदानित मराठी शाळेत मी आधी शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका होते. मॅनेजर आले नि गेले. काहींनी शाळा घडवली, काहींनी भिंतींना रंग दिला. फरक कुठे पडतो ते नव्या फादरांसाठी लिहिते.

दिवाळीपर्यंत काहीही बदलू नका. पण प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसच्या खिडकीशी दोन-तीन सकाळी बसाच. तिथे काय होतं? पाचूबंदरची एक बाई मासळी विकून, टोपली बाहेर ठेवून, पोराचा दाखला घेऊन येते. क्लार्क कागद चाळून म्हणतो, "आधारवर नाव वेगळं, दाखल्यावर वेगळं. दुरुस्त करून आणा." बाई मान हलवते आणि निघते. दुरुस्ती कुठे करायची, किती दिवस लागतील, तोवर पोराला वर्गात बसवता येईल का, यातलं कोणी काही बोललेलं नसतं. ती परत आली नाही, तर पटावर एक मूल कमी, एवढीच नोंद. पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये शिक्षणावर प्रेषितीय पत्र काढलं, त्यात गरिबांसाठी शाळेची दारं उघडी ठेवण्यावर भर आहे. ते पत्र शिक्षकांसमोर वाचून दाखवा, जरूर. पण त्याआधी क्लार्कला सांगा की कागद अपुरा असला तरी मूल आजपासून वर्गात बसेल, आणि दुरुस्तीचा अर्ज शाळाच भरून देईल. मुळात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असं शिक्षणहक्क कायदाही सांगतो.

याच दिवसांत फोन सुरू होतात. "फादर, आमच्या भाच्याचं तेवढं बघा." पहिल्या फोनला हो म्हणालात की पुढच्या सगळ्यांना म्हणावं लागेल. प्रवेशाचे निकष लिहून फलकावर लावा आणि फोन करणाऱ्याला फलकाकडे पाठवा. देणगीचा विषय कोणी काढला तर तिथेच थांबवा. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९८७पासून कायदा आहे.

आता सगळ्यात जड काम: मुख्याध्यापकाची निवड. राज्यघटनेच्या कलम ३०मुळे अल्पसंख्याक संस्थेला आपला मुख्याध्यापक निवडण्याचं स्वातंत्र्य आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलंय. म्हणजे सेवाज्येष्ठता डावलता येते. येते म्हणून डावलायची नसते. ज्येष्ठ शिक्षकाला वगळणार असाल तर आधी त्याला स्वतः बोलवा, वगळण्याचं कारण तोंडावर सांगा आणि ते समितीच्या इतिवृत्तात लिहा. हे केलं नाही तर स्टाफरूममध्ये दोन तट पडतात आणि निवृत्तीपर्यंत टिकतात. आणि "आपला" माणूस म्हणजे आपल्या आळीतला नव्हे. वर्गात जाऊन पाठ बघणारा आणि संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारा सरकारी कागद कळणारा माणूस हवा. पट घसरला की पद जातं आणि तरुण शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे त्याला जानेवारीतच दिसायला हवं.

शिक्षकांच्या मनात सध्या टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, धास्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५च्या निकालानं नोकरीत असलेल्यांनाही ती परीक्षा लावली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेलाय. "आपल्याला लागू नाही" असं सांगून मोकळे होऊ नका. इच्छुकांना तयारीला वेळ द्या, पुस्तकं आणून ठेवा.

धर्मशिक्षणाबद्दल थोडं. चर्चच्या कायद्यात, कॅनन ८०४मध्ये, धर्म शिकवणाऱ्याकडून तीन गोष्टी मागितल्यात: खरी शिकवण, ख्रिस्ती जगणं आणि शिकवण्याची हातोटी. तिसरी आपण सोयीस्कर विसरतो आणि ज्याचे तास कमी भरतात त्याला धर्मशिक्षण देतो. नववीचा एक तास तुम्ही स्वतः घ्या; मुलं काय विचारतात ते तिथे कळेल. इतर धर्मांच्या मुलांना नीतिशिक्षण, आणि तेही खरोखर घ्या. तो तास गणिताचा पोर्शन उरकायला वापरू नका. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. हे घटनेतच आहे, कलम २८.

मराठी माध्यमाचं काय? मिस्सा मराठीत, कीर्तनं मराठीत, आणि मुलं इंग्रजी शाळेत. त्यात शिक्षकांचीही आली. रविवारी पालकांना भाषण दिल्यानं कोणी परत येत नाही. सेमी इंग्रजीचे वर्ग नीट चालवा, त्यासाठी गणित-विज्ञानाला इंग्रजीतून खरंच शिकवू शकणारे शिक्षक नेमा, आणि जानेवारीत बालवाड्यांत जाऊन पालकांशी बोला. पूर्वेकडच्या पाड्यांवरही जा. तिथली मुलं वाटेत गळतात ती बहुतेक प्रवासापायी, आणि शाळेच्या गाडीचा थांबा कुठे असावा हे मॅनेजरच्या हातात असतं.

बिशपांकडून काय मागायचं? कॅनन ८०६ प्रमाणे आपल्या धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांना भेट देण्याचा, त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे, सिस्टरांच्या शाळाही त्यात येतात. वसईत २०२४पासून बिशप थॉमस डिसोजा आहेत. भेट ठरली की स्वागतगीत एकच ठेवा. उरलेला वेळ बिशपांना पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा आणि मग शिक्षकांशी मॅनेजरशिवाय बोलू द्या. होय, तुमच्याशिवाय.

एक वही ठेवा. कुणाची फी माफ केली, कुठल्या शिक्षकाला काय कबूल केलं, शिक्षणाधिकारी कार्यालयात कोणती फाइल अडकली आहे. तुमच्या बदलीचं पत्र आलं की मुख्याध्यापकांच्या समक्ष ती नव्या फादरांना द्या आणि शाळेच्या बँक खात्यावरची सही बदलायचा अर्ज त्याच दिवशी करा. नाहीतर बालवाडीच्या बाईंचा पगार दोन महिने अडकतो.