ब्रेक उघडायच्या आधी बघा, नवे बोल्ट घरात आलेत का

पॅड आणि डिस्क घरी बदलणार असाल तर जॅक, स्टँड, चाकामागे ठोकळे, पाने हे तुम्ही काढालच, त्यावर बोलत नाही. फक्त नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. सगळ्यात आधी बोल्ट. गेल्या वेळी पॅड आले, डिस्क आल्या, बोल्ट मागवायचेच राहिले, आणि लक्षात आलं कधी, तर रविवारी दुपारी जुने बोल्ट खोलून हातात आल्यावर. दुकानं बंद, गाडी स्टँडवर. तेव्हा चॅसिस नंबर देऊन पार्ट्सवाल्याकडून बोल्टचा नंबर काढा आणि पॅडबरोबरच मागवा.

कुठले नवे लागतात हे तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल सांगेल, शेजारच्याची गाडी नाही. बऱ्याच जपानी गाड्यांत जुने साफ करून परत लावतात. फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच मॉडेलांत मागच्या कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बोल्ट दरवेळी नवेच लावायचे असतात, म्हणून तर चांगल्या पॅडच्या खोक्यात ४ बोल्ट येतात. पण ते कॅलिपरचे असतात, ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) नाही! डिस्क काढायची तर ब्रॅकेट खोलावंच लागतं, म्हणजे ते बोल्ट वेगळे मागवायचे. टॉर्कच्या, म्हणजे किती जोराने आवळायचं त्या आकड्यापुढे ‘अधिक ९० अंश’ असं काही दिसलं तर तो बोल्ट बहुतेक वेळा ताणून बसवायचा असतो, एकदा ताणला की परत तसा धरेल याची खात्री नाही, नवाच लावा. आट्यांवर निळा-लाल वाळका थर असेल तर तो कारखान्यातून लावलेला गोंद, तो एकदाच काम करतो. नव्या बोल्टवर असा थर असेल तर वरून आणखी लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) नको.

आणि हार्डवेअरच्या दुकानातून मापाचा बोल्ट आणून लावायचा विचारही करू नका. डोक्यावर १०.९ हा ताकदीचा आकडा लिहिलेला आहे म्हणून तो तोच बोल्ट होत नाही, लांबी, आट्यांचं अंतर, कॉलर सगळं जुळावं लागतं आणि हा ब्रेक आहे.

मॅन्युअल जुने चालतील म्हणत असेल तरी बोल्ट मागवून ठेवा. मुंबई-कोकणाच्या हवेत खोलताना डोकं गोल झालं किंवा आटे ओढले गेले तर काय लावणार? जुना लावायचाच तर आधी वायर ब्रशने घासा, ब्रेक क्लीनरने धुवा, मधे बारीक झालाय का बघा, तो हाताने सरळ आत गेला पाहिजे. मॅन्युअल सांगत असेल तर मध्यम ताकदीचं, २४३ नंबरचं लॉकटाइट थेंबभर. बोल्ट ज्यात जातो त्या भोकातला जुना गोंदही काढा, हे लोक हमखास विसरतात. आट्यांना तेल-ग्रीस नाही, कारण घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. ग्रीस फक्त स्लाइड पिनला (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती), रबराला चालणारं.

डिस्कचा छोटा स्क्रू अडकतोच, तोही बोल्टच्याच ऑर्डरमधे टाका. होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी) उघडणार असाल तर तांब्याचे वॉशर नवे, नसाल तर त्याला हात लावू नका.

टॉर्क रेंच नसेल तर मित्राकडून आणा, अंदाजाने आवळणं नको, आणि खोलायला तो वापरू नका. कॅलिपर होजवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. कॅलिपरचा पिस्टन आत दाबताना ब्रेक ऑइलची टाकी बघत रहा, ऑइल वर येतं.

बाकी पटापट. हाताने आटे धरा, मग टॉर्क, आवळलेल्या प्रत्येक बोल्टला मार्करने रेघ. चाकाचे नट गाडी खाली आल्यावर, समोरासमोरचे आळीपाळीने. हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट परत तपासा.

बोल्ट हातात नसतील तर पाना उचलू नका, पुढच्या रविवारी करा.